सावडीचं माणूस

आरतीनं द्राक्षाची कात्री टेबलावर ठेवली, डोक्यावरची टोपी काढली आणि कुणाला काही न सांगता मोहिनीताईंच्या केबिनच्या दारात जाऊन उभी राहिली. पोरीला उद्यापासून पाळणाघरात आणणार नाही, एवढं एकच वाक्य तिला बोलायचं होतं. सकाळपासून ते तोंडात घोळत होतं, बाहेर काही पडत नव्हतं.

मोहिनीताई फोनवर होत्या. आळेफाट्याच्या अलीकडचं हे पॅकहाऊस त्यांचं. दिवाळी झाल्यावर त्यांनी कोल्ड स्टोरेजला लागून असलेली खोली रंगवून घेतली, जाजम अंथरलं, एक शिकलेली बाई नेमली आणि घडातले खराब मणी काढणाऱ्या बायकांना सांगितलं, पोरं घेऊन येत जा. आजूबाजूच्या गावांत असं कुणी केलं नव्हतं. ताई हे आल्यागेल्याला सांगायच्या, आणि सांगायचा हक्क त्यांना होताच.

आरतीची समृद्धी अडीच वर्षांची. पाळणाघराआधी ती येडगावला घरीच असायची, आजीपाशी. आजीचं, म्हणजे कुशाबाईंचं, पोरीवर लक्ष असायचं, पण पाय साथ देत नव्हते. एकदा पोरगी खेळता खेळता उसाच्या कडेला जाऊन पोचली. तिथं आदल्याच आठवड्यात बिबट्या दिसलेला. कुशाबाई धावायला गेल्या त्या अंगणातच पडल्या, आणि पडल्या जागेवरून हाका मारत राहिल्या. शेजारच्या लंकाबाईनं पोरीला उचलून आणलं. त्यामुळं पाळणाघर निघालं तेव्हा आरतीनं दुसरा विचार केला नाही.

पोरगी तिथं रमली. गोष्ट खरं तर इथंच संपायची, पण कांद्याच्या रोपांची लागण सुरू झाली.

येडगावात लागणीला अजून सावड चालते. आज चार घरची माणसं आपल्या वावरात वाकणार, उद्या आपल्या घरचं माणूस त्यांच्या वावरात. मजुरीचा प्रश्न नाही, पण आपलं माणूस चुकवायचं नाही. आरती पॅकहाऊसला, तिचा नवरा नवनाथ दिवसभर पिकअपवर. गेली दोन वर्षं या घरातून सावडीला कुणी गेलं नाही, आणि लोकांनीही ताणून धरलं नाही. म्हातारी नात सांभाळतेय, हे सगळ्यांना दिसत होतं. यंदा नात सकाळी आईबरोबर गाडीत बसून जाते, हेही सगळ्यांना दिसलं.

"आई मोकळीच हाय की आता," नवनाथ म्हणाला. वाईट बुद्धीनं म्हणाला नाही. त्याला खरंच तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई सावडीला निघाल्या. लुगडं खोचलं आणि ओल्या वाफ्यात उतरल्या. काल सातवा दिवस होता. संध्याकाळी येऊन ओट्यावर टेकल्या त्या वाकलेल्याच, पाठ काही सरळ होईना. आरतीनं ऊन पाणी आणलं आणि त्यांच्या पायांचा चिखल धुतला. टाचेला भेग पडून तिच्यात माती बसली होती. आरतीला वाटलं, आता आपल्याला रडू येणार. आलं नाही. नवऱ्याचा रागही आला नाही. दिवसभर थंडगार घड हाताळून बोटं होतात, तशी ती आतून बधिर झाली होती.

"पोरगी रडली न्हाई ना तिथं?" कुशाबाईंनी एवढंच विचारलं.

"न्हाई."

"मग बरं हाय."

बरं कसलं आलंय. पोरगी घरी ठेवली तर म्हातारी वाफ्यातून सुटणार होती, आणि पोरीच्या पाठीमागं पुन्हा ऊस होता. सकाळी गाडीत बसेपर्यंत आरतीनं म्हातारीच्या बाजूनं कौल दिला होता. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं.

मोहिनीताईंनी फोन ठेवला. "बोल गं. पाळणाघराचं काही आहे का? काय कमी पडतंय ते मोकळेपणानं सांग."

"कमी काय न्हाई, ताई."

केबिनच्या काचेतून ती खोली दिसत होती. समृद्धी जाजमावर मांडी घालून बसली होती आणि शेजारच्या पोराला चमच्यानं भात भरवत होती. पोराचं तोंड नाकापर्यंत बरबटलं होतं, तरी तो आ करतच होता. आरती बघत राहिली. ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"ताई, अजून एक नाव घेताल का?"

मोहिनीताईंचा चेहरा खुलला. त्यांनी पाळणाघराचं रजिस्टर पुढं ओढलं. "घेते की! घरात अजून एक मूल आहे, हे कधी बोलली नाहीस. नाव सांग."

"कुशाबाई."

पेन थांबलं. "म्हणजे तुझी सासू?"

"व्हय. घरी मी सांगते, कंपनीचा नवा नियम हाय, पोरीसंगं घरचं माणूस बसाय लागतं. मग त्यांना सावडीला कुणी धाडणार न्हाई. कुणी इचारलं तर तुमी फकस्त न्हाई म्हणू नका."

"अगं, पण पोरांना बघायला बाई नेमली आहे. त्या इथं येऊन काम काय करणार?"

"काम न्हाई, ताई," आरती म्हणाली. "वयाच्या रकान्यात अडुसष्ट लिवा."