अठ्ठेचाळीस मीटर

पंचनामा लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं. चुकून नव्हे, पेन नीट धरून लिहिलं: गाडीचा वेग ताशी चाळीस, म्हातारी अचानक आडवी आली. शाळेच्या फाटकाशी चिंचा-आवळे विकणारी चिमणाबाई मेल्यावर गुन्हेगार ठरली, आणि गाडी हाकणारा पुढाऱ्याचा पोरगा त्याच संध्याकाळी घरी जेवायला बसला.

नववीच्या क्रांतीला हे ठाऊक नव्हतं. उलट तीच आल्यागेल्याला ठासून सांगायची, गाडी चाळीसवरच हुती, म्हातारीलाच दिसत न्हवतं.

विजयसिंह सरांना फक्त सूत्र शिकवायचं होतं. फाटकासमोर डांबरावर ब्रेकचा काळा पट्टा अजून तसाच होता. पोरांनी तो टेपनं मोजला. अठ्ठेचाळीस मीटर. वर्गात येऊन सरांनी फळ्यावर लिहिलं: s = v²/2a. पट्ट्याची लांबी s, ब्रेक मारला तेव्हाचा वेग v, आणि रस्ता टायरला किती धरतो ते a. कोरड्या डांबराला सहा धरा, ओल्याला चार, बर्फाला एक. बर्फाला वर्ग हसला. सरांनी खडू क्रांतीकडं दिला. गणितात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

v एकटा करायचा होता. तिनं दोन्ही बाजूंना 2a नं गुणलं, v² मोकळा झाला. वर्गमूळ काढलं. सेकंदाला चोवीस मीटर. ते ताशी किलोमीटरमध्ये केलं आणि तिचा खडू थांबला.

शहाऐंशी.

तिनं पुन्हा केलं. शहाऐंशीच. मागच्या बाकावरनं कुणीतरी हळूच म्हणालं, "आणि हिच्या बानं चाळीस लिवलंय."

सगळा वर्ग तिच्याकडं बघू लागला. सर मात्र खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी डस्टर उचललं, फळा पुसला आणि सांगितलं, हे उदाहरण परीक्षेला येणार नाही.

हवालदार जोतीराम संध्याकाळी घरी आले. बूट काढायला वाकले, तशी क्रांतीनं वही त्यांच्या पुढ्यात धरली. पट्टा कुणी मोजला, सरांनी काय शिकवलं, तिचं उत्तर किती आलं, सगळं सांगून टाकलं. चूक कुठं झाली तेवढी दाखवा म्हणाली. तिला खरंच वाटत होतं, चूक तिचीच निघंल.

जोतीरामांनी वहीकडं बघितलंच नाही. "रस्ता वला हुता," ते म्हणाले. "म्होरनं पाण्याचा टँकर गेलता."

तिनं पायरीवर बसून सहाच्या जागी चार धरले. "सत्तर येत्यात, पप्पा."

"चाळीसच हुती." हा आवाज घरातला नव्हता, ठाण्यातला होता.

क्रांतीनं मान हलवली. पप्पांचेच चाळीस घेतले, सूत्र उलटं फिरवलं, आणि आता a एकटा काढला. वही घेऊन ती उठली.

"तुमचे चाळीस खरे धरले तर a सव्वा येतोय. म्हंजे रस्त्यावर बर्फ हुता."

जोतीरामांच्या हातात एक बूट तसाच राहिला.

"मार्चच्या उन्हात, पप्पा, कोल्हापुरात बर्फ कुणी आणला? सांगा की."