दुसरं वजन

मास्तरांनी औषधाचं वजन केलं, चिठ्ठीवर आकडा लिहिला, काचेच्या फटीतून चिठ्ठी पेटीत टाकली आणि ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखे.

काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या तपासनिसाला हसू आलं. "हे काय नवीन?"

"चेहरा दिसू नये म्हणून," औषध कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले. "आता दुसऱ्या बाई येऊन तेच औषध पुन्हा तोलतील. मास्तरांच्या तोंडावरूनच त्यांना अंदाज आला, तर तोलण्यात काय अर्थ? नियमात हे नाही बरं का. ही या दोघांची पद्धत."

औषध रक्त पातळ करणारं होतं. सहाशे ग्रॅम भुकटीतून दोन लाख गोळ्या व्हायच्या. कमी पडलं तर रक्ताची गाठ, जास्त झालं तर रक्त थांबता थांबत नाही. म्हणून तोलायला दोन माणसं. आणि मुख्य कार्यालयाने तपासनिसाला पाठवलं होतं ते त्यातलं एक कमी करायला. अकरा वर्षांच्या नोंदी त्याने चाळल्या होत्या. दुसऱ्या बाईंनी पकडलेल्या चुका, शून्य. अकरा वर्षं बाई नुसत्या हो ला हो करतायत, असं त्याचं मत झालं होतं. अहवाल जवळजवळ लिहून तयार होता. एकदा डोळ्यांनी पाहिलं म्हणजे सही करायला मोकळे, एवढ्यासाठी तो आला होता.

दुसऱ्या बाई आत आल्या. दुसरं वजन त्यांचं, म्हणून दुसऱ्या बाई. या नावावरचे सगळे विनोद मास्तरांच्या बायकोनेच करून संपवले होते. बाहेर मास्तर आणि बाईंचं बहीण-भावासारखं चालायचं, डब्यातल्या भाजीवरून रोज एकमेकांची उणीदुणी निघायची. इथे मात्र बाईंनी मास्तरांच्या पाठीकडेही पाहिलं नाही.

त्यांनी काटा पुसला. शून्य दाखवतोय ना, ते पाहिलं. मग कोपऱ्यातल्या थप्पीतून एक रिकामी बरणी उचलली आणि आधी तीच तोलली.

"रिकामी बरणी कशाला?" तपासनिसाने विचारलं. "तिचं वजन ठरलेलंच असेल की."

"चारशे वीस ग्रॅम. इथे सगळ्यांना तोंडपाठ आहे." व्यवस्थापक हसले. "पण बाई ऐकतील तर शपथ!"

बाईंनी भरलेली बरणी तोलली, हिशोब केला, चिठ्ठी टाकली. व्यवस्थापकांनी पेटी उघडली. दोन्ही चिठ्ठ्या एकदा वाचल्या, मग चष्मा काढून पुन्हा वाचल्या.

मास्तरांच्या चिठ्ठीवर सहाशे. बाईंच्या चिठ्ठीवर सहाशे साठ.

मास्तर वळले. "बाई, नीट बघितलंत ना?"

"बघितलं."

"अहो, एकूण एक हजार वीस. त्यातून बरणीचे चारशे वीस गेले..."

"बरणी तीनशे साठ आहे, मास्तर."

मास्तरांनी थप्पीतली एक बरणी उचलून काट्यावर ठेवली. तीनशे साठ. दुसरी ठेवली. तीनशे साठ. तोच पांढरा रंग, तेच झाकण, तोच आकार. सकाळीच नवा माल आला होता आणि त्याचं प्लास्टिक जरा पातळ होतं. कुणी सांगितलं नव्हतं. मास्तरांनी विचारलंही नव्हतं. बरणीचं वजन त्यांना स्वतःच्या नावाइतकं पाठ होतं.

"पुढे गोळ्यांची तपासणी होतेच म्हणा," व्यवस्थापक घाईघाईने म्हणाले. "तिथे सापडलंच असतं."

"साहेब, मागचा म्हणतो पुढे बघतील, आणि पुढचा म्हणतो मागे बघितलं असेल." बाईंचा आवाज जराही चढला नव्हता. "मला माझ्यापुढचा काटा तेवढा ठाऊक."

धोका आणि नियंत्रण या विषयावर तपासनिसाने आजवर पाच-पन्नास भाषणं ठोकली होती. या बाईने अकरा वर्षं, रोज, रिकामी बरणी तोलली होती. तीन-साडेतीन हजार वेळा उत्तर आलं होतं चारशे वीस. आणि तरी आज तिने ती अशी तोलली, जणू आयुष्यात पहिल्यांदाच तोलतेय. नोंदीतल्या त्या शून्याला तो रिकामटेकडेपणा समजला होता. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेहून कितीतरी मोठं असं काहीतरी वाटलं. देवळात न जाणारा माणूस होता तो, पण हात जोडावेसे वाटले.

आत मास्तर पुन्हा काट्यापुढे आले. त्यांनी आधी रिकामी बरणी तोलली, मग औषध नव्याने मोजलं, चिठ्ठी टाकली आणि भिंतीकडे वळले. बाईंनी पुन्हा काटा पुसला. पुन्हा शून्य पाहिलं. आत्ता दोन मिनिटांपूर्वी मास्तरांनी सगळ्यांदेखत तोललेली बरणी त्यांनी पुन्हा तोलली. ना घाई, ना तोरा. चिठ्ठ्या निघाल्या, सहाशे आणि सहाशे. बाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या औषधाच्या तयारीला लागल्या.

मास्तर बाहेर येऊन हात धूत होते, तेव्हा तपासनीस त्यांच्याजवळ गेला. बाईंची जागा राहणार की जाणार, हे त्याच्या हातात आहे, हे मास्तरांनाही ठाऊक होतं.

"वाईट वाटलं असेल ना, मास्तर? इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमची चूक निघाली, तीही चारचौघांत."

मास्तरांनी नळ बंद केला. हात पुसले. चेहऱ्यावर अजून घाम होता, तोही पुसला.

"वाईट कसलं, साहेब? अकरा वर्षं घरी जाऊन पाठ टेकली की मला झोप लागते. ती काय माझ्या भरवशावर लागते, असं वाटलं तुम्हाला?"