एका शिंगाचा नंदी

विक्रमसिंहांनी नंदीला फेरी मारली आणि ते खूश झाले. "एकच शिंग! बेन, पोथीत आहे अगदी तसंच."

मृदुलाने नुसती मान डोलावली. या जागी तिला कधीच बरं वाटत नसे. नंदीकडे पाहिलं की हनुवटीवरचा जुना व्रण उगाच ठणकायचा. लहानपणी झोपाळ्यावरून पडलीस, असं वडील सांगत.

विक्रमसिंह देवस्थान समितीचे. नदीकाठची ही जागा देवाची, असा समितीचा दावा होता आणि पुरावा एकच, स्थानमाहात्म्याची पोथी. मूळ पोथी वाळवीने खाल्लेली. मृदुलाच्या वडिलांनी, नारायणशास्त्र्यांनी, इथेच चिंचेखाली बसून तिची नक्कल केली आणि रिवाजाप्रमाणे मूळ पोथी विश्वामित्री नदीत सोडली. शास्त्रीबुवा मोठे काटेकोर. एक मात्रा चुकली तरी पान फाडत. पानात कोरी जागा राहिलेली तर त्यांना बघवतच नसे.

'एकशृंग वृषभ उभा आहे, तिथवर देवाची भूमी.' पाचशे वर्षांपूर्वीचं वचन, आणि नंदी समोर हजर! संस्कृतच्या प्राध्यापक मृदुलाबाईंनी अर्थ लिहून दिला, खाली सही केली. देऊळ ते नंदी, मध्ये चाळीस घरं. जुन्या संस्थानी शिपायांची, कागदपत्रं नसलेली. तिच्या जिवाला ते लागलं होतं, पण वडिलांच्या अक्षरावर शंका कशी घ्यायची?

सोमवारी घरं पडली.

मग वर्गात शिकवतानाही तिला भिंती कोसळताना ऐकू येऊ लागल्या. गुरुवारी राहवेना, तेव्हा ती कारेलीबागेतून रिक्षा करून वस्तीवर गेली.

सत्तरीच्या कौशल्याबाई ढिगाऱ्यातून भांडी वेचत होत्या. आता शिव्या खायच्या, असं मृदुलाला वाटलं.

"आवो बेन, बसा. ओटा तेवढा उरलाय."

"मला माफ करा," मृदुला कशीबशी म्हणाली.

"तुम्ही काय करणार? पोथीतलं थोडंच खोटं असणार!"

कौशल्याबाईंनी ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि तिच्या हातात ठेवलं. वीतभर काळा दगड, टोकाला निमुळता.

"आता ठेवायला कोनाडा नाही. तुमची वस्तू तुम्हीच न्या. सहा वर्षांच्या होतात. नंदीच्या शिंगाला लोंबकळलात आणि शिंगासकट खाली आलात, हनुवटी फुटली. शास्त्रीबुवा चिंचेखालून धावत आले. म्हणाले, 'कौशल्या, कुणाला बोलू नकोस, लोक पोरीला नावं ठेवतील. बाकीचं मी सांभाळून घेतो.' आणि परत लिहायला बसले."