लिमलेटची गोळी

"आई गेल्या," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. साठीतल्या शालनने त्यांच्याकडे संशयाने पाहिलं.

बेबी शालन म्हणून ती सिनेमात गाजत होती, तेव्हा ग्लिसरीन तिच्या डोळ्यांना सोसायचं नाही. मग रडायचा प्रसंग आला, की दिग्दर्शक असेच कानाशी येऊन सांगायचे, "बाळ, तुझी आई गेली गं." पोर हंबरडा फोडायची. शॉट संपला, की आई पडद्यामागून लिमलेटची गोळी घेऊन हसत बाहेर यायची. पुढे पुढे शालनचा विश्वासच बसेना. रडू आटलं, तशी कामंही आटली.

"ताई, रड गं. मोकळी हो," धाकटा भाऊ तिचा खांदा हलवत म्हणाला.

खाटेभोवती ओढलेल्या हिरव्या पडद्यावरून तिने नजर हटवली नाही.

"आधी तिला बाहेर येऊ दे."