दोनदा वाचलेली वही

आंबागडच्या ईश्वर गुरुजींनी ‘सेट’ या एकाच इंग्रजी शब्दापायी तीस वर्षं घालवली. चहाचा सेट, पंपसेट, दागिन्यांचा सेट, नोकरीत सेट झालेला पोरगा, असे दोनशे बारा उपयोग त्यांनी खाकी कव्हरच्या जाड वहीत उतरवले. हे छापण्याजोगं आहे का, हे विचारायला ते भीतभीतच भंडाऱ्याला गेले आणि वहीची पिशवी प्राध्यापक कापगत्यांच्या हाती ठेवून आले.

तीन महिन्यांनी कापगते सरांनी मोबाइलवरची नजरही न उचलता पिशवी परत सरकवली.

“दोनदा वाचली, गुरुजी. उदाहरणं पोरकट, अर्धे अर्थ चुकलेले. या वयात कायले डोक्याले ताप करून घेता?”

गुरुजी मान खाली घालून घरी आले. पिशवीचं तोंडही न उघडता ती चुलीत घालायला निघाले, तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुलोचनाबाईंनी ती हिसकून घेतली आणि आत हात घातला.

“अजी, काय करून राहिले हे?”

 

तसल्याच खाकी कव्हरची वही बाहेर निघताच त्या ओरडल्या, “माही भजनाची वही हाये थे! तीन महिने झाले, शोधून राहिली मी. तुमची त कपाटातच पडली हाये!”