लाइट ड्युटी

सकाळी पावणेसातला गेटवरची हजेरीची रांग थांबली. मशीनपुढे मिनल उभी होती. उजवा हात पट्टीत गुंडाळून गळ्यात अडकवलेला, डाव्या हातात जेवणाचा डबा.

"ठेवा ना बोट," टाइम ऑफिसच्या खिडकीतून प्रीतम म्हणाला. तो एचआरचा नवा अधिकारी. एरवी नऊला येतो. आज तिच्यासाठी लवकर आला होता.

मिनल हलली नाही.

आदल्या दिवशी दुपारी तिचं बोट पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसखाली गेलं होतं. चाकणच्या एका खासगी दवाखान्यात टाके पडले. संध्याकाळी कंपनीच्या गाडीनं तिला चऱ्होलीला, तिच्या खोलीवर सोडलं. सकाळी उजाडायच्या आत तीच गाडी पुन्हा दारात उभी होती. तिला वाटलं, पट्टी बदलायला न्यायचं असेल. ड्रायव्हर म्हणाला, "ड्युटीवर बोलावलंय ताई. लाइट ड्युटी."

कंपनीत लाइट हा शब्द सगळ्यांच्या तोंडात असतो. वीज गेली की लाइट जाते. पातळ पत्रा आला की माल लाइट असतो. प्रेसच्या तोंडाशी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा असतो, त्याला लाइट कर्टन म्हणतात. त्या किरणांत हात गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. थांबली की माल कमी निघतो. म्हणून सुपरवायझर जयसिंगनं महिन्याभरापूर्वी किल्ली फिरवून तो पडदा बंद करून ठेवला होता. मिनलनं त्याला विचारलं होतं. "लाइट घे गं," तो म्हणाला होता. "हात सांभाळून घातला की झालं."

आणि ज्याचा हात गेला, त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून खुर्चीवर बसवतात, ती लाइट ड्युटी. काम काहीच नसतं. फक्त हजेरी लावायची. हजेरी लागली म्हणजे कामाचा दिवस बुडाला नाही. दिवस बुडाला नाही म्हणजे अपघात किरकोळ. किरकोळ अपघात सरकारदरबारी कळवत नाहीत, आणि न कळवलेल्या बोटाची भरपाई कुणी देत नाही. हजेरी नाही लावली, तर कंत्राटी माणसाचं नाव गेटवरून निघतं. गाडीत बसल्या बसल्या मिनलनं हे सगळं जुळवलं होतं.

"ताई, मागं लोक खोळंबलेत," प्रीतम म्हणाला. "बोट ठेवा आणि आत जाऊन बसा. चहा सांगतो."

मिनलनं डबा खाली ठेवला. गळ्यातली पट्टी सोडवली आणि बांधलेला हात मशीनच्या काचेसमोर धरला.

"तो हात नाही हो. दुसरा."

"माझं हेच बोट नोंदलंय, सर. उजव्या हाताचं पहिलं."

प्रीतमनं कॉम्प्युटरमध्ये बघितलं. हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. गाडी पाठवणाऱ्याच्याही आलं नव्हतं.

"मग डाव्या हाताचं नोंदवू. एका मिनिटाचं काम आहे."

"नको."

"नको म्हणजे?"

"डावं कशाला नोंदवायचं?" मिनल म्हणाली. "नोंदलेलं बोट कंपनीतच आहे. काल स्क्रॅपच्या पेटीत पडलं. ते आणा आणि लावा माझी हजेरी."

रांगेत कुणीतरी हसलं.

तेवढ्यात आतून जयसिंग आला. तो तिथल्याच गावचा. ही कंपनी ज्या जमिनीवर उभी आहे, ती एकेकाळी त्याच्या चुलत्यांची होती. "आगं ए, तमाशा कशाला करती?" तो म्हणाला. "पगार पुरा मिळतोय, बसून ऱ्हायचंय नुसतं. आमाला कुनी असली ड्युटी दिली असती तर नाचत गेलो असतो."

"मग तुम्ही बसा खुर्चीवर, भाऊ. किल्ली माझ्याकडं द्या."

जयसिंगनं प्रीतमकडे पाहिलं. प्रीतमनं फोन उचलला, नंबर लावला आणि समोरून कुणी उचलायच्या आत ठेवून दिला. सात वाजत आले होते. तास वाया गेला असता तर त्याचा जाब त्यालाच द्यावा लागला असता.

"ताई, तुम्ही बाजूला उभ्या राहा. तुमचं नंतर बघू. चला, पुढचे कोण?"

पुढे धोंडीबा होते. प्रेस शॉपमधले सगळ्यात जुने कामगार, कुणाच्या अध्यात ना मध्यात. गेली कित्येक वर्षं ते रोज डावा अंगठा काचेवर ठेवून, मान खाली घालून आत जात. प्रीतमला हायसं वाटलं.

मिनल बाजूला सरकली नाही. धोंडीबा तिला वळसा घालून मशीनपुढे आले. त्यांनी पँटच्या खिशातून उजवा हात काढला आणि काचेवर ठेवला. पहिली दोन बोटं मधल्या पेरापासून पुढं नव्हती. उरलेल्या खुंटांवरची कातडी जुनी, गुळगुळीत झालेली होती.

मशीनवर लाल लाइट लागली.

"धोंडीबा, डावा लावा की," जयसिंग म्हणाला. "तुमचा डावा हाय ना नोंदलेला?"

"व्हय," धोंडीबा म्हणाले. "आदी उजवा व्हता."

त्यांनी हात काढला नाही. सातचा भोंगा झाला. आत प्रेस सुरू झाल्याचा आवाज आला नाही. प्रीतम पुन्हा फोन लावत होता, समोरून कुणी उचलत नव्हतं. रांगेत धोंडीबांच्या मागे पिंकी होती. स्कूटीवरून येताना घातलेले हातमोजे अजून तिच्या हातात होते. तिचंही डाव्याच हाताचं बोट नोंदलेलं होतं. तिनं उजव्या हाताचा मोजा काढायला घेतला.