त्र्यंबकरावांचा आक्षेप

डोंबिवलीच्या वाचनालयाच्या सभेत त्र्यंबकरावांनी टेबलावर मूठ आपटली.

"ही कादंबरी आपल्या लेकीसुनांच्या हाती पडता कामा नये!"

दर सभेला त्यांना एक तरी पुस्तक अश्लील वाटायचंच. त्यांच्या आवाजापुढे बोलणार कोण? ठराव झाला. कादंबरी कपाटातून कायमची काढावी आणि नेहमीप्रमाणे त्र्यंबकरावांनीच तिची विल्हेवाट लावावी.

कोटाच्या आत ती लपवून ते घरी आले. मागच्या खोलीत त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. त्यांना क्षय झाल्याचं गावात कळलं, तेव्हापासून वाचनालयाने या घराला पुस्तकं देणं बंद केलं होतं. क्षयाच्या माणसाने हाताळलेलं पुस्तक पुन्हा कपाटात नको, असा नियमच होता.

"अगंबाई, हीच ती!" त्यांनी कादंबरी छातीशी धरली. मग हसू आवरत म्हणाल्या, "हिचं ठीक आहे हो. पण मागचं तर बद्रीनाथच्या यात्रेचं होतं. त्यात काय अश्लील सापडलं तुम्हाला?"

"गरम पाण्याच्या कुंडात बायका अंघोळ करतात, असं एका पानावर होतं. तेवढं पुरलं."

त्र्यंबकरावांनी बायकोच्या पाठीशी आणखी एक उशी सरकवली आणि खिडकी सताड उघडली.

"सावकाश वाच. हिला काही परत जायचं नाही. आणि पुढच्या सभेत कशावर चिडू, तेवढं सांगून ठेव."